आपल्या आवडीचे नवे आंबेडकरी संगीत कसे शोधावे, कसे विकत घ्यावे

एप्रिल महिना आला की आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर भीमगीतांचा पूर येतो. स्टेटस, रील, डीजे मिक्स, वस्तीतल्या मंडळाचा व्हिडिओ, सगळीकडे गाणीच गाणी असतात. मे महिन्यात हा पूर ओसरतो. मग लक्षात येते की महिनाभर आपण तीच पंधरा-वीस गाणी ऐकत होतो. त्यातली निम्मी कोणी लिहिली आणि कोणी गायली हे आपल्याला माहीत नसते, आणि त्यातल्या एकाही कलावंताच्या हातात आपला रुपया पडलेला नसतो.

हा लेख दोन कामांसाठी आहे. एक, आपल्याला नेमके काय आवडते ते ओळखून त्या प्रकारचे नवे संगीत कसे शोधायचे. आणि दोन, ते विकत घेताना पैसा गाणाऱ्या-लिहिणाऱ्यापर्यंत कसा पोहोचवायचा. ‘नवे’ म्हणजे केवळ काल आलेले गाणे नव्हे. चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट तुम्ही ऐकली नसेल, तर ती तुमच्यासाठी नवीच आहे.

आधी आपली आवड ओळखा

“मला भीमगीते आवडतात” एवढ्यावर शोध पुढे जात नाही. ‘भीमगीत’ या एका शब्दाखाली किमान सात-आठ वेगवेगळ्या परंपरा येतात. आवडलेली पाच गाणी कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहा. मला यात शब्द आवडले की आवाज? चाल आवडली की ठेका? हे गाणे मी एकटा ऐकतो की मिरवणुकीत? आणि ते सांगते काय: बाबासाहेबांचे जीवन, बुद्धाचा धम्म, आजचा अन्याय, की आपला आनंद? पाचही गाण्यांत जे उत्तर पुन्हा पुन्हा येते ती तुमची आवड. त्यावरून पुढचा प्रवाह निवडावा.

प्रवाह आणि त्यातले कलावंत

जलसा आणि शाहिरी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसा आला. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. सवाल-जवाब, फार्स आणि गाणी यांतून चळवळीचा विचार सांगण्याची ही पद्धत होती. त्या काळातले आवाज ध्वनिमुद्रणात फारसे राहिले नाहीत, त्यामुळे हा प्रवाह मुख्यतः पुस्तकांतून शोधावा लागतो. भीमराव कर्डक यांनी स्वतः जलशांवर पुस्तक लिहिले आहे. शोधताना एक घोळ टाळा: भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. शाहिरीची चव आवडत असेल तर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या परंपरेकडेही वळा. त्यातून आंबेडकरी आणि कामगार चळवळीचे नाते कळते.

गायन पार्टी आणि कव्वाली. धम्मदीक्षेनंतरच्या दशकांत वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. पेटी, ढोलकी किंवा तबला, बुलबुलतरंग, दोन कोरस आणि रात्रभर चालणारा सामना. या काळाचा मेरुमणी म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ रोजी निधन झाले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह आहेत. शब्दांसाठी गाणे ऐकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. त्यांच्या सोबत श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, राजानंद गडपायले, नागोराव पाटणकर, लक्ष्मण राजगुरू, प्रतापसिंग बोदडे, हरेंद्र जाधव ही नावे एकेक करून शोधावीत. विदर्भ, खानदेश, मराठवाडा आणि मुंबई इथल्या चालींत फरक आहे. आपल्या आजोळची चाल कोणती हे ऐकताना आपोआप कळू लागते.

कॅसेटचा काळ. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत घराघरात गेले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, सुषमादेवी, रंजना शिंदे, वैशाली शिंदे यांचे आवाज आपल्या आई-वडिलांच्या पिढीने या कॅसेटवर ऐकले. भरदार आवाज आणि लगेच ओठावर बसणारी चाल आवडत असेल तर हा तुमचा प्रवाह. आदर्श शिंदे यांच्या रूपाने याच घराण्याची पुढची पिढी आज गाते आहे.

एकतारी आणि ओवी. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर बाबासाहेबांची गाणी गातात. मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. साधा आवाज आणि कमी वाद्ये आवडणाऱ्यांनी त्यांच्यापासून सुरुवात करून पुढे जात्यावरच्या ओव्यांकडे जावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बाया बाबासाहेब, रमाई आणि बुद्धावर ओव्या गाताना ऐकू येतात. ऐकायला एक पैसाही लागत नाही. याच संकेतस्थळावर मराठवाड्यातल्या शाहिरांवर केशव वाघमारे यांची लेखमालाही आहे.

विद्रोही गाणे. विलास घोगरे, संभाजी भगत, कबीर कला मंच, शीतल साठे आणि सचिन माळी यांचे गाणे प्रश्न विचारते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्या घटनेपासून सुरू होतो आणि चौदा वर्षांच्या चित्रणातून आंबेडकरी गाण्याचा मोठा पट दाखवतो. नवा श्रोता असाल तर हा एक चित्रपट पाहताना वहीत नावे लिहीत जा. वर्षभर ऐकायला पुरतील एवढे धागे मिळतात. ‘कोर्ट’ या चित्रपटातली लोकशाहिराची गाणी आवडली असतील, तर त्याचे संगीत संभाजी भगत यांचे आहे हे ध्यानात ठेवा.

रॅप आणि बँड. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातला ‘सौ’ शंभराच्या आकड्याने लिहितो. तो मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटातून पुढे आला. त्याच्या रॅपमध्ये वऱ्हाडी बोली आणि सामाजिक प्रश्न दोन्ही येतात. अमरावतीचाच विपिन तातड, ओडिशाच्या कोरापुटचा सुमीत सामोस हेही शोधावेत. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने आणि संगीतकार तेन्मा यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे केले. त्यात गाना, रॅप आणि रॉक एकत्र येतात. तमिळ येत नसली तरी परईचा ठेका कळतो. पंजाबात जालंधरची गिन्नी माही संत रविदास आणि बाबासाहेबांवर पंजाबी पॉपच्या चालीत गाते. मिरवणुकीचा ठेका आवडणाऱ्या तरुणांना डीजे मिक्सपेक्षा हे अधिक भावेल.

वंदना, परित्राण आणि दोहे. सगळेच संगीत गर्दीचे नसते. पाली सुत्तपठण, बुद्धगीते आणि धम्माचे दोहे हाही एक प्रवाह आहे. श्रीलंका, थायलंड आणि म्यानमार येथील भिक्खुसंघाचे पठण ऐकून पाहा. एकच सुत्त तीन देशांत तीन ढंगांनी म्हटले जाते. सत्यनारायण गोएंका यांचे दोहे व पाली पठण इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाकडे उपलब्ध आहे.

शोधण्याच्या पद्धती

१. कलावंतापेक्षा कवीचा माग काढा. आवडलेल्या गाण्याचा कवी शोधा आणि त्या कवीचे नाव टाकून पुन्हा शोध घ्या. एकाच कवीची गाणी दहा गायकांनी गायलेली असतात. गायकाच्या नावाने शोधल्यावर तोच आवाज पुन्हा मिळतो, पण कवीच्या नावाने शोधल्यावर नवे आवाज मिळतात. तीच गोष्ट संगीतकाराची आणि ढोलकीवादकाची.

२. शोधशब्द बदला. देवनागरीत ‘भीमगीत’, ‘भीम गीते’, ‘बुद्धगीत’, ‘आंबेडकरी जलसा’, ‘गायन पार्टी’, ‘कव्वाली सामना’, ‘रमाई गीत’ असे वेगवेगळे टाकून पाहा. मग तेच रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगने टाका. जुन्या कॅसेटची नावे लोकांनी जशी ऐकली तशी लिहिलेली असतात. शेवटी जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाव जोडा. गावपातळीवरच्या कार्यक्रमांची चित्रणे अशीच सापडतात आणि खरा खजिना तिथेच आहे.

३. एप्रिलमध्ये शोधू नका. जयंतीच्या दिवसांत यूट्यूब तुम्हाला सर्वाधिक पाहिले जाणारे मिक्सच दाखवते. जून ते सप्टेंबर या काळात शोधा. निकाल अपलोडच्या तारखेनुसार गाळा म्हणजे कमी पाहिलेली नवी गाणी वर येतात.

४. शिफारस यंत्रणेला शिकवा. अॅप तुमच्या ऐकण्यावरून पुढचे गाणे सुचवते. घरात लहान मुले, पाहुणे आणि तुम्ही सगळे एकाच खात्यावर ऐकत असाल तर सुचवण्यांचा गोंधळ होतो. संगीतासाठी वेगळे खाते किंवा वेगळी प्लेलिस्ट ठेवा. न आवडलेल्या गाण्याला ‘रस नाही’ असे नोंदवा. आवडलेले गाणे अर्धवट सोडू नका, पूर्ण ऐका. दहा-पंधरा दिवसांत फरक दिसतो.

५. माणसांना विचारा. आपल्या विहारात, वस्तीत, नात्यात एखादे आजोबा किंवा मावशी अशी असतेच की जिने रात्र रात्र सामने ऐकलेले असतात. कोणत्याही अॅपपेक्षा ती मोठी सूची आहे. त्यांच्याकडे जा, बसा, विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. ज्या कवीचे नाव कुठेच लिहिलेले नाही ते नाव अशा वेळी कळते.

६. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जा. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. या ठिकाणी मुख्य मंचाबरोबर कडेच्या छोट्या मंचांकडे आणि रस्त्यालगत डफ घेऊन गाणाऱ्यांकडे लक्ष द्या. आवडले तर नाव विचारा, मोबाईलवर त्यांचा चॅनेल उघडायला सांगा आणि तिथेच सदस्य व्हा.

विकत घेणे म्हणजे नेमके काय

महिन्याचे पैसे भरून अॅपवर गाणी ऐकणे म्हणजे गाणी विकत घेणे नव्हे. ते भाडे आहे. भाडे थांबले की गाणी गेली. आणि कधी कधी दुकानच बंद होते. २०२४ च्या जानेवारीत ‘रेसो’ने भारतातून गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एअरटेलने ‘विंक’ बंद केले. त्यावर वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या असलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून जे गाणे आयुष्यभर जवळ हवे ते फाईल, सीडी, कॅसेट किंवा पुस्तक या रूपात आपल्याकडे असले पाहिजे.

अॅपवरचे पैसे कसे वाटले जातात हेही समजून घ्या. तुम्ही महिनाभर एकाच शाहिराला ऐकले तरी तुमची वर्गणी त्या शाहिराकडे जात नाही. सगळ्या ग्राहकांचा पैसा साधारणपणे एका हौदात जमा होतो आणि एकूण ऐकण्यात ज्या गाण्याचा जेवढा वाटा, तेवढे पैसे त्याच्या हक्कदाराला मिळतात. म्हणजे मोठा वाटा मोठ्या चित्रपटगीतांकडे जातो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागच्या १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला मूळ ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. आपल्या अनेक नव्या गायकांची गाणी याच रेषेच्या आसपास असतात. इथे संघटित श्रोत्याला करण्यासारखे काहीतरी आहे. १०० जणांच्या गटाने एक गाणे महिन्यातून एकदा मनापासून ऐकले तरी वर्षात १,२०० वेळा ऐकणे होते. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे लागते. म्हणून दुसऱ्याने उचलून टाकलेला व्हिडिओ न पाहता कलावंताच्या स्वतःच्या चॅनेलवरचा पाहावा. सदस्य होणे फुकट आहे, पण नव्या गायकासाठी ते मोलाचे आहे.

कोठे आणि कसे घ्यावे

थेट कलावंताकडून. हा सर्वात सरळ मार्ग. आज बहुतेक गायकांच्या चॅनेलखाली किंवा कार्यक्रमाच्या फलकावर संपर्क दिलेला असतो. गाण्याची फाईल विकत द्याल का, असे विचारा आणि पैसे यूपीआयने त्यांच्याच नावावर द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. पण पैसे पाठवण्याआधी खाते खरेच त्यांचे आहे याची खात्री करा. कलावंतांच्या नावाने मदत मागणारे खोटे संदेशही फिरतात.

बँडकॅम्प. जगभरातले स्वतंत्र कलावंत या संकेतस्थळावर गाणी विकतात. विकत घेतलेले गाणे एमपी३ किंवा फ्लॅक स्वरूपात उतरवून घेता येते आणि कायमचे आपले राहते. डिजिटल विक्रीत संकेतस्थळाचा वाटा साधारण १५ टक्के असतो. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडून देते, तेव्हा त्या दिवशी खरेदी केलेली बरी. अनेक गाण्यांना किमान किंमत असते आणि त्याहून जास्त देण्याची सोय असते. आंबेडकरी कलावंत तिथे अजून थोडे आहेत, पण भारतातले स्वतंत्र रॅपर आणि बँड सापडतात. पैसे देण्याआधी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते पाहावे.

मोठ्या कंपन्यांचे चॅनेल. कॅसेटच्या काळातली बरीच भीमगीते टी-सीरिज, विंग्स, सुमीत, कृणाल अशा कंपन्यांच्या चॅनेलवर अधिकृतपणे आहेत. आवाज स्वच्छ असतो आणि बहुधा मूळ श्रेयनामावलीही मिळते. मात्र त्या काळात अनेक गायक-कवींना एकरकमी पैसे मिळाले होते. त्यामुळे आजच्या तुमच्या ऐकण्याचा लाभ त्यांच्या घरापर्यंत जाईलच असे नाही. त्यांच्यासाठी काही करायचे तर त्यांचे पुस्तक घ्या किंवा त्यांना कार्यक्रमाला बोलवा.

स्टॉल. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचे स्टॉल हा आपला सर्वात मोठा सांस्कृतिक बाजार आहे. तिथल्या पुस्तिकांचा आणि गाण्यांचा अभ्यास शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासकांनी केला आहे. तिथे तीन गोष्टी आधी घ्या: जुने गीतसंग्रह, छोट्या प्रकाशकांच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि कलावंत स्वतः विकत असलेल्या सीडी. ‘हजार गाणी’ भरलेला पेनड्राइव्ह स्वस्त वाटतो, पण त्यात गाणाऱ्याला काही मिळत नाही. फाईलची नावे ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी असतात आणि कोणाचे गाणे आहे हे कायमचे हरवते. गीतसंग्रह मात्र नक्की घ्या. त्याची पुढची आवृत्ती निघेल याची खात्री नसते.

जुना बाजार. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणची रद्दीची दुकाने इथे भीमगीतांच्या कॅसेट अजून मिळतात. घेताना फितीवर पांढरी बुरशी आहे का पाहा. फितीमागे दाबपट्टीवरचा छोटा नमदा शाबूत आहे का पाहा. पेन्सिलने एक-दोन वेढे फिरवून फीत मोकळी फिरते का पाहा. आतले छापील कागदी आवरण असलेलीच कॅसेट घ्यावी, कारण कवी, संगीतकार आणि वादकांची नावे त्यावरच असतात.

कॅसेट घरीच जतन करा

घरातल्या पेटीत कॅसेट असतील तर बाजारात जाण्याआधी त्या वाचवा. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर घ्या. त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. हेडफोनच्या छिद्रातून तार काढून संगणकाच्या ‘लाइन इन’ला जोडा. संगणकाला ते छिद्र नसेल तर यूएसबीचे छोटे साउंड कार्ड मिळते. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह स्वरूपात मुद्रण करा. याला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६००-६५० एमबीमध्ये मावते. आवाजाची पातळी लाल रेषेच्या खाली ठेवा. मूळ वेव्ह फाईल कधीच पुसू नका. मोबाईलसाठी वेगळी एमपी३ प्रत काढा. प्रत्येक फाईलच्या नावात गाणे, कवी, गायक, कंपनी आणि वर्ष लिहा. आवरणाचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा, कारण एक हार्डडिस्क कधी ना कधी बिघडतेच.

हक्क कोणाचा: थोडक्यात कायदा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ चे, म्हणून त्यांची गीते २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. वामनदादांची २०६४ अखेरपर्यंत. तेव्हा ‘जुने आहे म्हणजे सगळ्यांचे आहे’ हा समज चुकीचा आहे. स्वतःच्या कॅसेटची खासगी ऐकण्यासाठी प्रत काढणे वेगळे आणि ती चॅनेलवर टाकून उत्पन्न घेणे वेगळे.

हक्क विकला तरी कवीचे नाव देण्याचा हक्क कवीकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेला देता येतो. आपल्या वाचकांत स्वतः लिहिणारे आणि गाणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे: करार लेखीच असला पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. वाजवण्या-प्रसारणाचे मानधन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. कवी-संगीतकारांनी तिचे सदस्यत्व घेण्याचा विचार करावा.

हे फक्त छोट्या गायकांचे दुखणे नाही. २०२१ मध्ये आलेले ‘एंजॉय एंजामी’ कोट्यवधी लोकांनी ऐकले. त्यात कास्टलेस कलेक्टिव्हच्या अरिवूने आपल्या पूर्वजांच्या भूमिहीनतेची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी एका नामांकित मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याची चर्चा असताना अरिवूच नव्हता, आणि पा. रंजित यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्याचे उत्पन्न तोवर कलावंतांपर्यंत आलेच नाही. एवढ्या गाजलेल्या गाण्याची ही गत, तर तालुक्यातल्या शाहिराचे काय होत असेल याचा अंदाज करावा.

जयंती समित्यांसाठी

गाण्याचा सर्वात मोठा ग्राहक एकटा श्रोता नसून आपली जयंती समिती आहे. वर्गणीतला मोठा भाग डीजे आणि लाइटवर जातो. त्यावर मिरवणूक दोन तास नाचते आणि रात्री ठरलेल्या वेळेनंतर आवाज बंद करावाच लागतो. मिरवणुकीचा आनंद आपला हक्क आहे, त्याबद्दल कोणाला खुलासा देण्याची गरज नाही. पण त्याच खर्चातला एक हिस्सा गायन पार्टी, जलसा किंवा नव्या रॅपरसाठी वेगळा काढता येतो.

बोलावताना मानधन आधी ठरवा आणि लिहून द्या. प्रवास, जेवण, मुक्काम वेगळा धरा. वादकांचे पैसे कोण देणार ते स्पष्ट करा. महिला कलावंतांसाठी कपडे बदलण्याची जागा आणि रात्री परत जाण्याची सोय करा. ‘समाजाचे काम आहे, पैसे कसले’ हे वाक्य मंडप, लाइट आणि डीजेवाल्याला आपण कधी म्हणत नाही, मग शाहिराला का म्हणावे? डीजेवर गाणी वाजवायचीच असतील तर वाजणाऱ्या गाण्यांची यादी कवी-गायकांच्या नावांसह एका फलकावर लावा. याला दोनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च नाही, आणि वस्तीतल्या मुलांना कवीचे नाव कळते.

महिन्याचा सोपा नियम

सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर एवढे करा. महिन्यातून एक नवा कवी किंवा गायक निवडा आणि त्याची किमान दहा गाणी ऐका. त्यातले एक गाणे, पुस्तक किंवा सीडी विकत घ्या. एका कलावंताच्या स्वतःच्या चॅनेलचे सदस्य व्हा. गाणे पुढे पाठवताना कवी, गायक आणि संगीतकार यांची नावे सोबत लिहा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला एका जुन्या गाण्याबद्दल विचारा आणि मिळालेली माहिती वहीत नोंदवा. वर्षाअखेर तुमच्याकडे बारा कलावंतांची ओळख, बारा विकत घेतलेल्या वस्तू आणि बारा नोंदी असतील. पाच मित्रांनी असे केले तर विहाराच्या ग्रंथालयात एक संगीत विभाग उभा राहतो. त्यासाठी एक कपाट, एक हार्डडिस्क आणि नीट लिहिलेली नोंदवही एवढेच लागते.

जय भीम. नमो बुद्धाय.